हॅटी मॅकडॅनियल: कागदावर जिंकलेलं आणि भरवशावर सोडलेलं

प्रकरण नेमकं काय

29 फेब्रुवारी 1940 च्या रात्री लॉस एंजेलिसच्या अ‍ॅम्बॅसेडर हॉटेलात हॅटी मॅकडॅनियलला 'गॉन विथ द विंड' या चित्रपटातल्या मॅमी या गुलाम दाईच्या भूमिकेसाठी सर्वोत्कृष्ट सहायक अभिनेत्रीचा ऑस्कर मिळाला. ऑस्कर मिळवणारी ती पहिली कृष्णवर्णीय कलावंत. तिचा विषय निघाला की वाद ठरलेला असतो: तिने जन्मभर मोलकरणीच्या भूमिका करायला हव्या होत्या की नाकारायला? या वादावर भरपूर लिहून झालं आहे, आणि त्यातलं बरंचसं लिहिणाऱ्यांना तेव्हाचे स्टुडिओ कसे चालायचे याच्याशी देणंघेणं नसतं.

इथे प्रश्न वेगळा धरला आहे. भूमिका निवडायची मुभाच जवळजवळ नव्हती, अशा धंद्यात तिने कोणत्या गोष्टींवर घासाघीस केली, त्यातलं काय पदरात पडलं आणि काय निसटलं? तिच्या कारकिर्दीतले पाच निर्णय त्यासाठी घेतले आहेत. घराच्या खटल्यात तिच्याविरुद्ध उभे राहिलेले शेजारी खासगी माणसं होती, त्यांची नावं दिलेली नाहीत.

पार्श्वभूमी

जन्म 10 जून 1893, कॅन्सस राज्यातलं विचिटा. तेरा भावंडांत सगळ्यात धाकटी. वडील गुलामगिरीतून सुटून यादवी युद्धात उत्तरेच्या बाजूने लढलेले. जखमी होऊन परतले आणि पुढे पेन्शनसाठी वर्षानुवर्षं अर्ज करत राहिले. आई चर्चमध्ये गाणारी. कुटुंब पुढे कोलोरॅडोत, डेन्व्हरला स्थायिक झालं. शाळेत असतानाच तिने पाठांतराच्या स्पर्धेत बक्षीस मिळवलं, मग भावाच्या फिरत्या कार्यक्रमांत कामं केली. स्वतः गाणी लिहिली, 1920 च्या दशकात ब्लूजच्या तबकड्याही काढल्या. 1929 मध्ये शेअरबाजार कोसळला आणि दौरे बंद पडले. मिल्वॉकीच्या एका क्लबमध्ये तिला काम मिळालं ते बायकांच्या स्वच्छतागृहात टॉवेल देण्याचं. तिथेच एके रात्री तिला गायला उभं केलं आणि मग ती त्या क्लबची गायिका झाली.

1931 मध्ये ती लॉस एंजेलिसला आली. भाऊ सॅम आणि बहिणी तिथे आधीच होत्या. सॅमच्या ओळखीने रेडिओवर काम मिळालं, पण पैसे इतके तुटपुंजे की पोट भरायला लोकांकडे धुणीभांडी चालूच. पडद्यावर मोलकरीण आणि पडद्याबाहेरही मोलकरीण, अशी काही वर्षं गेली.

1934 ते 1939 या काळात तिचं नाव झालं. 'ॲलिस ॲडम्स'मधला (1935) जेवणाचा प्रसंग अभिनय शिकणाऱ्यांनी थांबवून थांबवून पाहावा. ऐपत नसताना श्रीमंतीचा आव आणणाऱ्या घराने एका संध्याकाळपुरती तिला भाड्याने आणलं आहे. उकाडा मरणाचा, आणि जेवणात गरमागरम सूप. डोक्यावरची पांढरी टोपी सारखी घसरते, तोंडात च्युइंगगम चालू आहे, बशी ठेवताना ती पाहुण्यांकडे ढुंकूनही बघत नाही. संवाद जेमतेम. तरी त्या घराचा सगळा बडेजाव तिच्या मंद चालीनेच उघडा पडतो. लेखकाने विनोद मोलकरणीवर बेतला होता. तिने तो मालकांवर उलटवला.

अडचण

त्या वेळच्या व्यवस्थेत तीन गोष्टी एकमेकींत अडकलेल्या होत्या.

पहिली, 1934 पासून कडक अंमलात आलेली प्रॉडक्शन कोडची नियमावली, म्हणजे पडद्यावर काय दाखवायचं नाही याचे हॉलिवूडने स्वतःला घातलेले नियम. गोऱ्या आणि काळ्या पात्रांमधले प्रेमसंबंध दाखवायला तिच्यात सरळ बंदी होती. म्हणजे गोऱ्या नायकासमोर काळी नायिका हा विषय कागदावरच संपलेला.

दुसरी, अमेरिकेच्या दक्षिणेकडच्या राज्यांतला बाजार. तिथल्या थिएटरांत चालणार नाही असं काही दाखवायला स्टुडिओ कचरत. कृष्णवर्णीय गायिका-अभिनेत्री लीना हॉर्नची गाणी एमजीएम स्टुडिओच्या चित्रपटांत मूळ कथानकापासून सुटी ठेवत, म्हणजे दक्षिणेत ती कापून टाकली तरी गोष्ट अडत नसे.

तिसरी आणि सगळ्यात चिवट म्हणजे कंत्राट. त्या काळचं ठरलेलं कंत्राट सात वर्षांचं, पण ते फक्त नटाला बांधणारं. मध्ये मध्ये 'ऑप्शन' असत; पुढे ठेवायचं की सोडायचं हे स्टुडिओ ठरवी, नटाला सोडून जायची सोय नसे. स्टुडिओ आपला नट दुसऱ्याला उसना देई, जास्तीचा दर लावी आणि वरचे पैसे स्वतः ठेवी. काम नाकारलं तर पगार बंद, आणि तो काळ कंत्राटाच्या मुदतीत पुढे जोडला जाई. हा जोडण्याचा प्रकार बंद पाडला तो मॅकडॅनियलच्याच 'गॉन विथ द विंड'मधल्या सहकलाकाराने: ऑलिव्हिया डी हॅविलंडने वॉर्नर ब्रदर्सविरुद्धचा खटला जिंकला आणि सात वर्षं म्हणजे कॅलेंडरची सात वर्षं हे कॅलिफोर्नियाच्या कोर्टात ठरलं. पण नायिकेला असा खटला परवडतो. त्या दोन वर्षांत डी हॅविलंडला कुणी काम देत नव्हतं. मोलकरणीच्या भूमिकेवर जगणारी नटी तेवढा काळ घरी बसली असती तर तिला परत बोलावायची कुणालाच गरज पडली नसती.

समोरचे पर्याय

भूमिका नाकारायची, हा पर्याय बोलायला सोपा. पण नाकारून दुसरी भूमिका मिळणार नव्हती, परत धुणंभांडंच वाट्याला येणार होतं. मोलकरीण होऊन आठवड्याला सात डॉलर कमावण्यापेक्षा मोलकरणीची भूमिका करून सातशे कमावेन, अशा अर्थाचं तिच्या नावावर खपणारं वाक्य याच हिशोबातून आलेलं आहे.

दुसरा पर्याय कृष्णवर्णीयांसाठी वेगळे निघणारे, काळ्या थिएटरांत चालणारे चित्रपट. भूमिका मोठ्या मिळत, पण पैसे नगण्य आणि कामाची शाश्वती शून्य.

तिसरा, पूर्वीसारखं स्टेज आणि गाणं. मंदीत तेच बुडालेलं.

चौथा, भूमिका घ्यायची आणि तिच्या आतबाहेर जेवढं हलवता येईल तेवढं हलवायचं. तिने हा घेतला. तो बरोबर की चूक यापेक्षा तो कसा राबवला हे बघण्यासारखं आहे.

पहिला निर्णय: सेल्झनिकच्या टेबलावरची कात्रणं

मॅमीच्या भूमिकेसाठी चढाओढ मोठी होती. राष्ट्राध्यक्षांच्या पत्नी एलिनॉर रूझवेल्ट यांनी निर्माता डेव्हिड सेल्झनिककडे आपल्या घरच्या मोलकरणीसाठी शब्द टाकला होता आणि तिची स्क्रीन टेस्टही झाली. मॅकडॅनियलने भूमिका मिळवली ती तयारीवर.

कादंबरीतल्या आणि सुरुवातीच्या पटकथेतल्या अपमानास्पद शिवीविरुद्ध कृष्णवर्णीयांची वर्तमानपत्रं आणि एनएएसीपी ही नागरी हक्कांची संघटना यांनी आवाज उठवला. शेवटी सेल्झनिकने ती शिवी काढून टाकली.

तिचं नामांकन पक्कं केलं ते जिन्यावरच्या प्रसंगाने. नायिकेची लहान मुलगी बॉनी हिच्या मृत्यूनंतर नायिकेची नणंद मेलनी (डी हॅविलंड) घरी येते, मॅमी तिला वर नेता नेता घरात काय काय घडलं ते सांगते. दोघी पायऱ्या चढताहेत आणि कॅमेरा सोबत वर सरकतोय. असं दृश्य तांत्रिकदृष्ट्या किती अवघड असतं हे सेटवर उभं राहिलेल्यालाच कळतं: अंगात जड पोशाख, पायरीकडे बघायचं नाही, श्वास लागला तर ध्वनिमुद्रणात ऐकू येणार, पाऊल चुकलं तर प्रकाशाबाहेर. आणि हे सगळं सांभाळत रडत बोलायचं. तिने आवाज चढवलाच नाही. वाक्यांच्या मध्ये दम टाकण्याची जागा तिने हुंदक्यासाठी वापरली.

चित्रपट लागल्यावर तिने आपल्या कामाची स्तुती करणारी कात्रणं गोळा केली आणि सेल्झनिकसमोर नेऊन ठेवली. सहायक अभिनेत्रीसाठी आपलं नाव पुढे करा, अशी ती सरळ मागणी होती. हा विभाग तेव्हा नवाच, 1936 च्या चित्रपटांपासून सुरू झालेला. नाव पुढे गेलं, नामांकन झालं, आणि स्वतः डी हॅविलंडही त्याच यादीत असताना ती जिंकली. कुणाच्या लक्षात येईल म्हणून वाट बघत बसली असती तर आलं नसतं, असं आमचं मत.

दुसरा निर्णय: अटलांटाला न जाणं

15 डिसेंबर 1939 ला अटलांटाच्या लोज ग्रँड थिएटरात पहिला खेळ होता. दक्षिणेतल्या त्या जॉर्जिया राज्यात काळे-गोरे वेगळे ठेवण्याचे कायदे. कृष्णवर्णीय कलाकारांना एकाच थिएटरात, एकाच हॉटेलात उतरवता येणार नव्हतं. सेल्झनिकने तिला नेण्याची तयारी दाखवली होती, पण तिथल्या माणसांनी नको म्हणून सांगितलं. दक्षिणेसाठी छापलेल्या स्मरणिकेतून तिचा फोटोही काढला. चित्रपटाचा नायक क्लार्क गेबल, ती येणार नसेल तर मीही नाही, म्हणून अडला. तिनेच त्याला जायला लावलं.

(त्याच सोहळ्याच्या आदल्या रात्रीच्या एका मेजवानीत गुलामांच्या वेषात गाणाऱ्या चर्चच्या मुलांमध्ये दहा वर्षांचा मार्टिन ल्यूथर किंगही होता. इतिहास कधी कधी फार जाड रेघेने लिहितो.)

हा तिच्या कारकिर्दीतला सगळ्यात वादग्रस्त निर्णय, आणि आमच्या मते कच्चा. गेबल गैरहजर राहिला असता तर बातमी गेबलची झाली असती हे खरं. पण तिच्या हातात त्या दिवशी दुर्मीळ वजन होतं. ते तिने खर्चही केलं नाही आणि बदल्यात काही लिहूनही घेतलं नाही. पुढच्या चित्रपटाची हमी, जाहिरातीत नाव कुठे येईल याची अट, स्मरणिकेबद्दल काहीतरी, यातलं काहीही मागता आलं असतं.

अडीच महिन्यांनी ऑस्करच्या रात्री तेच झालं. अ‍ॅम्बॅसेडर हॉटेलात कृष्णवर्णीयांना प्रवेश नव्हता, सेल्झनिकला तिच्यासाठी शब्द खर्च करावा लागला. ती बसली भिंतीकडेच्या छोट्या टेबलाशी, सोबतच्या माणसाबरोबर आणि तिच्या गोऱ्या एजंटबरोबर. बाकी चमू पुढच्या टेबलांवर. अभिनेत्री फे बेन्टरने पुरस्कार दिला. हाती आली ती बाहुली नव्हे; 1942 च्या चित्रपटांपर्यंत सहायक कलाकारांना छोटी चौकोनी फलकवजा ट्रॉफीच मिळे.

आणि त्यानंतर? सेल्झनिककडे तिच्यासाठी काही नव्हतं. तिला थिएटरांतल्या कार्यक्रमांच्या दौऱ्यावर पाठवलं, मग कंत्राट वॉर्नर ब्रदर्सकडे गेलं. 'इन धिस अवर लाइफ'मध्ये (1942) खोट्या आरोपात अडकलेल्या मुलाच्या आईची भूमिका मिळाली. काळ्या पोराचं पोलिस ऐकत नाहीत हे पडद्यावर साध्या आवाजात सांगणारी आई त्या काळी दुसरी शोधावी लागेल. पण तशी एकच. पुन्हा स्वयंपाकघर.

तिसरा निर्णय: वॉल्टर व्हाइटशी उघड मतभेद

1942 मध्ये एनएएसीपीचे प्रमुख वॉल्टर व्हाइट यांनी राजकीय नेते वेन्डेल विल्कींना सोबत घेऊन स्टुडिओ मालकांशी बोलणी सुरू केली. मागणी रास्त होती: काळी पात्रं नोकर आणि विदूषक यांपलीकडे दाखवा. पण ज्यांच्या भूमिका बदलायच्या त्या काम करणाऱ्या कलाकारांना या बोलण्यांत कुणी विचारलंच नाही. ते भडकले. नोकरांच्या भूमिका बंद झाल्या आणि नव्या लिहिल्याच गेल्या नाहीत तर उपाशी कोण राहणार, हा त्यांचा सवाल.

मॅकडॅनियल अभिनेत्यांच्या युनियनमध्ये होती, युद्धकाळात कृष्णवर्णीय सैनिकांसाठी कार्यक्रम करणाऱ्या समितीची प्रमुख होती. तिने बाजू मांडली ती मुख्यतः जाहीरपणे. 1947 मध्ये 'हॉलिवूड रिपोर्टर'मध्ये लेखही लिहिला. तिचा मुद्दा चुकीचा नव्हता, पण जागा चुकली. धंद्याच्या पत्रात लिहिलेला लेख स्टुडिओ मालकांना सोयीचा वाटला आणि स्वतःच्या लोकांना मालकांची तरफदारी. युद्धानंतर व्हायचं तेच झालं: मोलकरणीच्या भूमिका कमी झाल्या, बदली भूमिका आल्या नाहीत. कलाकारांची भीती खरी ठरली.

चौथा निर्णय: हार्वर्ड बुलेव्हार्डवरचं घर

हा तिचा सगळ्यात भक्कम निर्णय, आणि त्याचा अभिनयाशी काही संबंध नाही.

1942 च्या सुमारास तिने लॉस एंजेलिसच्या वेस्ट अ‍ॅडम्स हाइट्समध्ये 17 खोल्यांचं दुमजली घर घेतलं. या भागाला लोक शुगर हिल म्हणू लागले होते. अभिनेत्री लुईस बीव्हर्स, गायिका-अभिनेत्री एथेल वॉटर्स आणि इतर पैसेवाली कृष्णवर्णीय मंडळीही तिथे राहायला आली होती.

अडचण खरेदीखतात होती. मूळ जमिनीच्या कागदांत अट घातलेली असे की गोऱ्यांखेरीज कुणी इथे राहू नये. अट मोडली तर आजूबाजूचा कुठलाही मालक कोर्टात जाऊन मनाई हुकूम आणू शके. कॅलिफोर्नियाचा कायदा त्यात आणखी चमत्कारिक: 1919 च्या एका निकालाने विकण्यावरची बंदी रद्द ठरवली होती, राहण्यावरची मात्र वैध. म्हणजे कृष्णवर्णीय माणूस घर विकत घेऊ शकतो, त्यात झोपू शकत नाही. पैसे गेले, कर भरायचा, आणि राहायचं भाड्याने. शुगर हिलमधल्या एका कृष्णवर्णीय मालकाने घर घेऊनही काही वर्षं तिथे राहायला जायचं टाळलं होतं.

गोऱ्या शेजाऱ्यांनी सगळ्यांवर मिळून दावा ठोकला. इथे तिने तीन गोष्टी बरोबर केल्या. घर सोडलं नाही, विकलं नाही. प्रत्येकाने आपापला वकील करून वेगवेगळी तडजोड करायच्या फंदात न पडता शेजाऱ्यांना एकत्र आणलं, आपल्याच घरी बैठका घेतल्या. आणि वकील लॉरेन मिलर असा निवडला, ज्याने कागदाच्या त्रुटी शोधण्याऐवजी सरळ अमेरिकेच्या घटनेच्या, सगळ्यांना कायद्याचं समान संरक्षण देणाऱ्या चौदाव्या दुरुस्तीवर बोट ठेवलं: अशी अट कोर्टाने राबवणं म्हणजे सरकारने भेदभाव करणं.

हा जुगार होता. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने 1926 मध्ये अशा अटींना हात लावायला नकार दिला होता. त्रुटी शोधण्याचा मार्ग सुरक्षित, पण त्यात एखाद-दुसरं घर वाचतं. डिसेंबर 1945 मध्ये न्यायाधीश थर्मंड क्लार्क स्वतः वस्ती पाहून आले आणि दुसऱ्या दिवशी दावा फेटाळला. कृष्णवर्णीयांना चौदाव्या दुरुस्तीचे हक्क आडपडदा न ठेवता देण्याची वेळ आली आहे, असा निकालाचा आशय. 1948 मध्ये 'शेली विरुद्ध क्रेमर'मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हेच तत्त्व उचललं. त्या सोबतच्या डेट्रॉइटच्या प्रकरणात एनएएसीपीचे वकील थर्गुड मार्शल यांच्याबरोबर मिलरही होते.

पाचवा निर्णय: 'ब्यूला'चं कंत्राट

1947 मध्ये सीबीएस रेडिओच्या 'ब्यूला' मालिकेची मुख्य भूमिका तिला मिळाली. पात्र पुन्हा मोलकरणीचं. गंमत अशी की आधी हे पात्र एक गोरा पुरुष आवाज काढून करत असे. यावेळी मात्र तिने सही करण्याआधी अटी घातल्या: तोडकीमोडकी 'काळी बोली' बोलणार नाही, आणि न पटणारी वाक्यं बदलण्याचा अधिकार माझा. पगार आठवड्याला 1,000 डॉलर. रेडिओवरच्या विनोदी मालिकेची मुख्य भूमिका करणारी ती पहिली कृष्णवर्णीय स्त्री.

फरक इथे दिसतो. चित्रपटात दिग्दर्शकाच्या कानात हळूच सांगून ती एखादं वाक्य बदलून घेत असेल, पण ते त्याच्या मर्जीवर. रेडिओत तेच कंत्राटाचं कलम झालं आणि रोजच्या रोज वापरता आलं.

दूरचित्रवाणीवरची 'ब्यूला' सुरू केली एथेल वॉटर्सने. ती सोडून गेल्यावर मॅकडॅनियलने जागा घेतली, काही भाग चित्रित केले आणि आजारी पडली. पुढे काम लुईस बीव्हर्सकडे गेलं. 26 ऑक्टोबर 1952 ला स्तनाच्या कर्करोगाने, 59 व्या वर्षी ती गेली.

निष्पत्ती

श्रेयनामावलीत नाव असलेले चित्रपट 80 च्या आसपास, एक ऑस्कर, एक जिंकलेला खटला. मागे उरलेली मालमत्ता 10,000 डॉलरच्याही आत, आणि प्राप्तिकर खात्याची मागणी 11,000 च्या वर. आठवड्याला हजार कमावणाऱ्या बाईची ही शिल्लक.

मृत्युपत्रात तिने लिहिलं होतं की हॉलिवूडच्या दफनभूमीत पुरावं. तिथे फक्त गोऱ्यांना जागा होती. नकार आला, आणि दफन रोझडेल दफनभूमीत झालं. 1999 मध्ये हॉलिवूडच्या दफनभूमीच्या नव्या मालकाने जागा देऊ केली. घरच्यांनी जुनी कबर हलवायला नकार दिला, म्हणून तिथे नुसतं स्मारक उभारलं.

ऑस्करची ट्रॉफी तिने मृत्युपत्रात हॉवर्ड विद्यापीठाला दिली होती. तिथे ती मांडलेली होती, पण 1970 च्या दशकाच्या सुरुवातीपासून गायब. 2023 मध्ये अकादमीने बदली ट्रॉफी दिली. शुगर हिलमधून 1960 च्या दशकात सांता मोनिका फ्रीवे आरपार गेला आणि वस्ती दुभंगली. कोर्टात जिंकलेला मोहल्ला रस्ताबांधणीत हरला. त्यात तिचा दोष नाही.

वेगळं काय करता आलं असतं

अटलांटाबद्दल वर लिहिलंच. त्याहून मोठी संधी ऑस्करनंतरच्या काही आठवड्यांत होती. कंत्राट वॉर्नरकडे जाण्याआधी वर्षाला अमुक भूमिका मोलकरणीच्या नसतील असं कलम मिळणं अशक्यच, पण 'ब्यूला'तलं बोलीचं कलम तिथेही मागता आलं असतं. 1947 मध्ये जे मिळालं ते 1940 मध्ये मागितलं गेलं असल्याचं दिसत नाही.

व्हाइटशी भांडण टळलं नसतं, त्याची जागा बदलता आली असती. युनियनच्या आत, काम करणाऱ्या कृष्णवर्णीय कलाकारांची यादी घेऊन, किती भूमिका कमी झाल्या आणि किती नव्या आल्या हे दर सहा महिन्यांनी मोजून मांडलं असतं, तर मुद्दा व्यक्तीचा न राहता आकड्यांचा झाला असता.

दफनभूमीची चौकशी जिवंतपणी करायला हवी होती. नकार आधी कळला असता तर मिलरसारखा वकील हाताशी होताच. अर्थात निकालाची खात्री नव्हती: 1951 मध्ये आयोवा राज्यात एका मूळनिवासी अमेरिकन सैनिकाला अशाच कारणाने दफनभूमीने परत पाठवलं, त्याच्या पत्नीने केलेला दावा सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि तिच्या बाजूने निकाल न लागताच संपला. तरीही मृत्युपत्रातल्या इच्छेपेक्षा चालू खटल्याला वजन जास्त असतं.

ट्रॉफीचं मात्र सोपं होतं. संस्थेला वस्तू देताना दानपत्रासोबत तिचं वर्णन, मापं, फोटो आणि दाखल-नोंदीचा क्रमांक लिहून घ्यायचा. कुठे ठेवणार, कोण जबाबदार, हलवली तर कुणाला कळवायचं हे एका पानावर आणायचं. आणि वस्तू नीट ठेवली नाही तर ती दुसऱ्या संस्थेकडे जाईल अशी अट टाकायची. घराच्या खरेदीखतातली एक ओळ रद्द करायला जिने तीन वर्षं दिली, तिच्या मृत्युपत्राच्या वकिलाने एवढं एक पान जोडलं असतं तर ट्रॉफीचा माग काढायला निदान एक कागद उरला असता.